ठळकराव आणि शेवाळाची भिंत

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत जिन्याखाली एक खोली होती. दारावर ‘प्रसिद्धी विभाग’ अशी पाटी आणि पाटीखाली मोडक्या खुर्च्यांचा ढीग. नवख्या माणसाला ते भंगाराचं गोदामच वाटे. या गोदामात ठळकराव बसत. आईबापांनी नाव दुसरंच ठेवलं होतं, पण त्यांच्या तोंडून प्रत्येक वाक्य ठळक अक्षरांत छापल्यासारखं बाहेर पडे. घरी नळाला पाणी आलं तरी ते “अखेर प्रतीक्षा संपली!” असं ओरडत. त्यामुळे शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्यांना ठळकरावच म्हणत.

तरुणपणी त्यांना वार्ताहर व्हायचं होतं. एका वर्तमानपत्रात चिकटलेही होते. पण संपादकांनी “तुम्ही फार फुगवता बुवा” म्हणून त्यांना काढलं, आणि विद्यापीठाने नेमकं त्याच गुणावर घेतलं. काम एकच: प्राध्यापकांचं संशोधन चार लोकांना कळेल अशा भाषेत लिहून वर्तमानपत्रांना धाडायचं.

आता प्राध्यापकांचं संशोधन म्हणजे काय, हे ज्याने वाचलंय त्यालाच ठाऊक. पदार्थविज्ञानाच्या एका सरांनी तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब का नाचतो यावर उमेदीची वर्षं घालवली होती. ठळकरावांनी मथळा दिला: ‘विश्वाचं कोडं आता तव्यावर उलगडणार!’ समाजशास्त्राच्या मॅडमनी घरोघरी फिरून असा निष्कर्ष काढला की जी माणसं शेजाऱ्यांशी बोलतात, ती शेजाऱ्यांना जास्त ओळखतात. ठळकराव म्हणाले, यात दम आहे. दुसऱ्या दिवशी छापून आलं: ‘एकटेपणावर रामबाण उपाय सापडला.’ मॅडमनी कात्रण काचेत मढवून भिंतीवर लावलं. तव्याचे सर तर त्यानंतर चालायचेसुद्धा विश्वाचं कोडं खांद्यावर असल्यासारखे.

सुतावरून स्वर्ग गाठण्याचा हा धंदा बिनबोभाट चालला होता. कारण स्वर्ग गाठून कोणाचं नुकसान होत नव्हतं. थेंब नाचत होता, शेजारी बोलत होते.

मग एके दिवशी पर्यावरण विभागातली एक तरुण प्राध्यापिका निबंध घेऊन खोलीत आली. तिचं बोलणं ‘कदाचित’पासून सुरू होई आणि ‘असं म्हणता येईल’पाशी संपे, म्हणून ठळकरावांनी मनातल्या मनात तिचं कदाचितबाई असं बारसं करून टाकलं.

“कशावर आहे?” त्यांनी विचारलं.

“शेवाळावर. बंद काचपेटीत धूळ सोडली, तर एका जातीचं ओलं शेवाळ थोडीशी धूळ कदाचित धरून ठेवतं. म्हणजे अगदी थोडी. पेटीच्या बाहेर काय होईल हे अजून तपासलेलं नाही.”

“धूळ म्हणजे प्रदूषणच ना?”

“एका अर्थी.”

“झालं तर मग,” असं म्हणून ठळकरावांनी पेनाचं टोपण काढलं.

‘शहराची हवा आता शेवाळ धुणार!’ ही बातमी पहिल्या पानावर आली. त्यात काचपेटी नव्हती, ‘अगदी थोडी’ नव्हतं, आणि ‘कदाचित’ तर औषधालाही नव्हतं. बाई तणतणत जिन्याखाली आल्या. “अहो, मी पानोपानी ‘कदाचित’ लिहिलं होतं! तुम्ही एकही ठेवलं नाहीत?”

“बाई, ‘कदाचित’ला पहिल्या पानावर कोण घेतं?”

त्या तशाच कुलगुरूंकडे तक्रार करायला गेल्या. कुलगुरूंनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत त्यांना स्वतंत्र प्रयोगशाळा जाहीर केली. कुठून तरी खिडकी असलेली खोली मिळावी म्हणून बाई बरीच वर्षं तिष्ठत होत्या. या खोलीला तर दोन खिडक्या होत्या. बाईंनी चहा घेतला आणि तक्रारही चहाबरोबरच गिळली.

इकडे बातमी महापौरांच्या वाचनात आली. त्यांना निवडणुकीच्या आधी काहीतरी हिरवं उद्घाटन करायचंच होतं. झाडं वाढायला वेळ लागतो. शेवाळ म्हणजे पी हळद अन् हो गोरी. मुख्य चौकात दुमजली घराएवढी लोखंडी चौकट उभी राहिली, तिच्यावर शेवाळाच्या गाद्या चढवल्या. शेवाळ सतत ओलं ठेवायचं तर पाणी हवं, पाणी चढवायला पंप हवा, आणि चौकात विजेची जोडणी नसल्याने पंपाला डिझेलचं जनरेटर हवं. ते भिंतीच्या पाठीमागे बसवलं. महापौरांनी फीत कापली तेव्हा जनरेटरने असा काही काळा लोट सोडला की पहिल्या रांगेतल्या मंडळींना खोकताही येईना आणि न खोकताही राहवेना. ठळकरावांनी लिहिलं: ‘उद्घाटनप्रसंगी मान्यवरांचे डोळे पाणावले.’

ते खोटं नव्हतं, एवढं तरी म्हणायला हवं.

ठळकरावांच्या घरी तिघंजण. ते स्वतः, इस्पितळात परिचारिका असलेली त्यांची बायको आणि म्हातारी आई. आईला दम्याचा जुना त्रास. लेकाने लिहिलेली बातमी ती मोठ्याने वाचे, मग पुन्हा एकदा स्वतःशी वाचे आणि तंतोतंत पाळे. शेजाऱ्यांवरचं संशोधन आल्यावर तिने समोरच्या बिऱ्हाडाला बोलून बोलून इतकं हैराण केलं होतं की त्यांनी दार लोटून घ्यायला सुरुवात केली.

शेवाळाची बातमी वाचल्यावर तिने न्हाणीघर घासणं बंद केलं. कोपऱ्यात हिरवट झाक दिसू लागली, तशी ती तिथे रोज तांब्याने पाणी शिंपडू लागली.

“आई, काय हे! पाय सरकेल ना,” सून म्हणाली.

“सरकतोय कशानं? मला हल्ली दम कमी लागतो, लक्षात आलं का तुझ्या?”

“तुम्हाला मी औषध बदलून आणलंय, म्हणून.”

“माझ्या लेकाने लिहिलंय ते खोटं आणि तुझा डॉक्टर खरा!”

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, सांगा ना आईंना.”

ठळकराव वर्तमानपत्राच्या आड गेले. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की बातमी मीच फुगवली? आई शेजारणींना “माझ्या मुलाने शेवाळाचा शोध लावला” असं सांगत होती, आणि ती चूक दुरुस्त करण्याचाही त्यांना धीर झाला नव्हता. खरं तर ती चूक त्यांना थोडी आवडतही होती. “बघू,” ते म्हणाले.

त्या आठवड्यात सून कामावर असताना आई न्हाणीघरात पाणी शिंपायला गेली आणि सपशेल आडवी झाली. मनगट मोडलं. ठळकराव इस्पितळात धावत पोचले तेव्हा त्यांच्या बायकोनेच सासूचा हात धरला होता आणि डॉक्टर प्लास्टर घालत होते.

“शेवाळाला काही झालं नाही ना रे?” आईने विचारलं.

बायकोने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. ठळकरावांना त्या दिवशी पहिल्यांदा मथळा सुचला नाही.

घरी येऊन त्यांनी न्हाणीघर स्वतः घासलं. घासता घासता एकदा तेही घसरले, पण नळ हाताशी होता.

सकाळी ते कदाचितबाईंच्या दोन खिडक्यांच्या खोलीत गेले. “बाई, एक खुलासा देऊ या.”

बाईंचा चेहरा उतरलेलाच होता. त्यांनी चौकातली हवा मोजली होती. कोणी सांगितलं नव्हतं. खिडकीतून तो काळा लोट रोज दिसायचा म्हणून मोजली. “भिंतीजवळची हवा बाकीच्या चौकापेक्षा वाईट आहे,” त्या म्हणाल्या.

“कदाचित?”

“नाही. नक्की.”

ठळकरावांनी आयुष्यातली सर्वांत रटाळ बातमी लिहिली. तिच्यात काचपेटी होती, जनरेटर होतं, आणि शेवटी स्पष्ट वाक्य होतं: ‘भिंतीमुळे हवा सुधारल्याचं आढळलं नाही.’ ते ती कुलगुरूंच्या सहीसाठी घेऊन गेले. कुलगुरूंनी शांतपणे वाचली, काचपेटी काढली, जनरेटर काढलं, आणि मग शेवटच्या वाक्यातला शेवटचा शब्द खोडला.

“सर, ‘नाही’ राहून गेलं.”

“नकारार्थी शब्द वाचकांना आवडत नाहीत. हे तुम्हीच मला शिकवलंत, ठळकराव.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ठळकराव जिन्याखालच्या खोलीत परतले. मग त्यांनी सहीविना मूळ बातमी स्वतः टंकली आणि पायी जाऊन एकेका वर्तमानपत्राच्या कचेरीत दिली. ज्या संपादकाने त्यांना कधीकाळी काढलं होतं, त्याने चष्मा वर करून दोनदा वाचली.

“यात बातमी काय आहे?”

“खरं आहे.”

“ते दिसतंच आहे. म्हणून तर विचारतोय.”

तरी त्याने ती छापली. पहिल्या पानावर कुलगुरूंची: ‘शेवाळभिंतीमुळे हवेत सुधारणा.’ आतल्या पानावर, घरगुती गिरणीच्या जाहिरातीखाली, ठळकरावांची. दोन्ही बातम्या एकाच अंकात आल्या आणि एकाही वाचकाने त्याबद्दल पत्र लिहिलं नाही. समाजशास्त्राच्या मॅडमनी मात्र ‘परस्परविरोधी बातम्या आणि जनतेचा विश्वास’ हा नवा विषय लगेच नोंदवून टाकला.

कुलगुरूंनी ठळकरावांची बदली वसतिगृह विभागात केली. कदाचितबाईंचा चौकातल्या हवेवरचा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला, तशी त्यांच्या प्रयोगशाळेतली एक खिडकी दुरुस्तीच्या नावाखाली विटांनी बुजवण्यात आली. “दुसरी आहे अजून,” त्या ठळकरावांना म्हणाल्या, आणि चौकातली मोजणी चालू ठेवली.

भिंतीचं म्हणाल, तर जनरेटर पावसाळ्याआधी बंद पडलं आणि शेवाळ आठवडाभरात करपून काळं झालं. महापौरांनी ते उतरवलं आणि त्या जागी प्लास्टिकचं शेवाळ लावलं. त्याला पाणी लागत नाही, पंप लागत नाही, धूर होत नाही. कदाचितबाईंनी मोजलं, तेव्हा चौकातली हवा खरोखरच सुधारली होती. हा निष्कर्ष त्यांनी प्रामाणिकपणे लिहून काढला, कारणासकट. प्रसिद्धी विभागातल्या नव्या माणसाने कारण तेवढं वगळलं.

ही बातमी आली तेव्हा ठळकरावांच्या आईचं प्लास्टर निघालं होतं. तिने ती डाव्या हातात धरून मोठ्याने वाचली, पुन्हा एकदा स्वतःशी वाचली, आणि सुनेला हाक मारली.

“अगं, बाजारात जाशील तेव्हा बघ बरं, ते प्लास्टिकचं कुठे मिळतं का.”

ठळकरावांनी चहाचा कप खाली ठेवला. “आई,” ते म्हणाले, “ते शेवाळ मी शोधलेलं नाही. पहिलंही नाही आणि हेही नाही. मी फक्त बातमी लिहिली होती, आणि ती वाढवून लिहिली होती.”

आईने त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “मग शेजारणीला आता मी काय सांगू?”

“हेच सांग.”

“छे रे,” आई म्हणाली, “ती विश्वास नाही ठेवायची.”