रमाच्या डबीला मी ऊन दाखवलं

गेल्या सोमवारी मी एका पोरीची पाच महिन्यांची मेहनत दोन तासांत घालवली. लपवून काय उपयोग... सांगूनच टाकते.

मी हुलसूरकडची, शाळा चौथीपर्यंत. कलबुर्गीत एका कॉलेजच्या लॅबमध्ये झाडलोट करते. तिथं मन्नाएखेळ्ळीची रमा पीएचडी करते, प्लास्टिकच्या पापडासारख्या पातळ चकत्यांवर.

प्लास्टिकात काय बघायचं, असं मला वाटायचं. तिनं सांगितलं, हे काचेसारखं कडक दिसतं पण आतले कण अजून हलायलेत. तापवून पटकन थंड केलं की टमटममध्ये कोंबलेल्या माणसांसारखे अडकतात... मग महिनोन्‌महिने जरा जरा सरकून नीट बसतात. तिचं मशीन डोळ्यांना न दिसणारा उजेड त्यातून सोडतं, त्यावरून कणांची थरथर कळते. दर आठवड्याला मोजायचं, कागदावर एक रेघ काढायची.

सोमवारी एसीचं पाणी तिच्या चकत्यांच्या डबीवर ठिबकलेलं. आमच्याकडं ओलं दिसलं की ऊन दाखवायचं, त्यात विचारायचं काय? झाकण काढून डबी गच्चीच्या पत्र्यावर ठेवली. मे महिन्याचं ऊन. दोन तासांनी परत जागेवर... चकत्या होत्या तशाच दिसत होत्या.

बुधवारी रमानं मोजलं अन् तिचा चेहरा उतरला. रेघ पाच महिने मागं गेलेली, अगदी पहिल्या दिवशीसारखी! मशीन तपासलं, परत मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. जेवणाचा डबा तसाच. "माझंच कायतरी चुकलंय, अक्का," म्हणाली.

गप्प बसले असते तर माझं नाव कुणी घेतलं नसतं. पण ती स्वतःलाच बोल लावायली, ते बघवेना.

"मीच उन्हात ठेवली व्हती पत्र्यावर. घाल शिव्या."

तिचे डोळे भरले. ते पुसून तिनं वही ओढली. "किती वाजता? झाकण होतं का?"

"न्हाई. अगं, शिव्या घाल की आधी!"

"शिव्या मागनं, अक्का. पत्रा किती तापतो ते बघू, चल."

थर्मामीटर पासष्टच्या वर गेला. तेवढ्या तापात हे प्लास्टिक आतून सैल पडतं म्हणे... म्हणजे नीट बसलेले सगळे कण उठले अन् पुन्हा कोंबून बसले! मला चकतीत काही फरक दिसला नव्हता. हिच्या रेघेनं मात्र माझी चोरी पकडली होती, फक्त माझं नाव तेवढं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नव्या चकत्या केल्या. पहिल्यापासून सुरुवात, पुन्हा पाच महिने. मला एक शब्द वाकडा बोलली नाही.

मला दूध तापेपर्यंत गॅसजवळ उभं राहवत नाही. अन् ही पोरगी, दिसतसुद्धा नाही अशा हालचालीसाठी परत वाट बघत बसली... बाई, तुझ्यासारखा धीर मी तरी कुणात बघितला नाही.