परवाची टेप

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — ठाऊक नाही.

इस्रायलमधल्या लोदच्या एका कारखान्यात आम्ही दोघं युनिक्सचं मशीन, म्हणजे तिथला कॉम्प्युटर, सांभाळायचो. रूबेन अंकल मुंबईहून उतारवयात आलेले. इंग्रजी मॅन्युअल तोंडपाठ, हिब्रू मात्र भाजी घेण्यापुरती. मी लहानपणीच आलो, त्यामुळे हिब्रू माझी. काम त्यांनी मला शिकवलं. साहेबांशी त्यांच्या वतीनं बोलायचो मी.

डिस्कवरच्या सगळ्याची कॉपी उतरवायला रोजची एक टेप असायची, आठवडा फिरला की तीच पुसून वापरायची. त्या गुरुवारी डिस्क बिघडली, कॉपी झालीच नाही. शुक्रवारी शब्बाथच्या सुट्टीसाठी घरी निघताना अंकल दारातून म्हणाले, "शिमोन, दुरुस्तीच्या आधी कॉपी घे हां. परवाची टेप लाव."

कुठली परवा? झालेली की येणारी? आपल्या भाषेत दोन्ही परवाच. विचारायला हवं होतं — पण एवढंही कळत नाही असं दिसायला नको होतं मला. मी बुधवारची लावली. शेवटची धड कॉपी तिच्यावरच होती, आणि तिच्यावर मी बिघडलेल्या डिस्कचा कचरा उतरवला.

मग दुरुस्ती सुरू केली. मशीन एकेका फाइलीबद्दल विचारत होतं — काढून टाकू का? मी 'हो' दाबत गेलो. दुसरं काय करणार? थांबवलं तर पुढे काय, तेही मला येत नव्हतं. शेवटी मशीन चालू झालं. कारखान्याच्या मंगळवारनंतर आलेल्या ऑर्डरी मात्र डिस्कवर नव्हत्या, कुठल्या टेपवरही नव्हत्या.

इथवर चूकच होती. चूक कुणाचीही होते — नाही का?

पण रविवारी साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. रूबेननं नेमकी कुठली टेप सांगितली होती? अंकल मला म्हणाले, "तूच सांग त्यांना. तुझी हिब्रू चांगली."

हिब्रूत दोन परवांना दोन शब्द आहेत. येणारी ती मोहोरातायिम, झालेली ती शिल्शोम. अंकलना येणारी म्हणायची होती, रविवारची, तशीही पुसायचीच असलेली — हे तोवर मला पुरतं कळलं होतं.

मी म्हणालो, "शिल्शोम."

जीभ अडखळलीसुद्धा नाही. अंकलना तो शब्द ठाऊक नव्हता. मी बरोबरच सांगत असणार, म्हणून ते मान डोलवत होते. साहेबांना तीच कबुली वाटली. बाहेर आल्यावर अंकलनी विचारलं, "नीट समजलं ना रे त्यांना?" मी म्हणालो, "हो."

त्यांना गोदामात खोकी उचलायला पाठवलं. मशीनच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली. तिथूनच ते निवृत्त झाले, पुन्हा कीबोर्डला हात लागला नाही त्यांचा. मला लाज वाटायची, आणि तरी मी रोज ती खोली उघडायचो.

पुढे आपल्या लोकांत कुणाच्या घरी मलिद्याची प्रार्थना असली की ते मला शेजारी बसवून घ्यायचे आणि सगळ्यांना सांगायचे, "साहेबांपुढे माझ्या बाजूनं हा एकटा बोलला."

आणि मी मान डोलवायचो.