हरकत हाय

शहनाजमुळे आमच्या अण्णांची लातूरची एसटी चुकली, तेव्हा मला तिचं नावही माहीत नव्हतं. नांदेडला कॉलेजच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी नियमांच्या कागदावर सह्या घेणं चाललं होतं. आम्ही सगळ्या न वाचता सह्या ठोकत होतो. माझ्या पुढची किरकोळ अंगाची मुलगी मात्र उभ्या उभ्या तिन्ही पानं वाचत राहिली आणि रेक्टरबाईंना म्हणाली, "मॅडम, नववा नियम. 'पूर्वसूचना न देता नियम बदलले जातील.' याला माझी हरकत हाय."

रांग पाऊण तास हलली नाही. शेवटी बाईंनी वैतागून 'न देता' खोडून 'देऊन' लिहिलं. त्या खाडाखोडीजवळ शहनाजने बाईंची सही घेतली आणि मगच स्वतःची केली. अण्णा घड्याळाकडे बघत पुटपुटले, "ही पोरगी जिच्या खोलीत जाईल तिचं कल्याण हाय." ती माझ्याच खोलीत आली.

आमचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, व्यवसाय आणि कायदा एकत्र. सकाळी मार्केटिंग, दुपारी करार कायदा. अण्णांचं लातूरजवळच्या मुरुडला बी-बियाणांचं दुकान. त्यांच्या मते यातलं निम्मं शिक्षण कामाचं आणि निम्मं बिनकामाचं. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला तीच पायरी चढायची होती, पण हे मी घरी कधी बोलले नव्हते. मी लहानपणापासून "हरकत नाही" म्हणणारी मुलगी. कुणी काही सांगितलं की माझ्या तोंडून आधी ते निघायचं, विचार नंतर.

शहनाजचं नेमकं उलटं. तिचे वडील कंधारला तहसीलीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देत. "अब्बा म्हणतात, तोंडी हरकत म्हणजे नुसती कुरकुर," ती मला ऐकवायची. "कागदावर आली की खरी हरकत." त्यामुळे ती सगळं कागदावर आणायची आणि भोगायचो आम्ही. मेसच्या फलकावर रविवारी 'गोड पदार्थ' लिहिलेलं असे आणि ताटात केळं येई. शहनाजने अर्ज दिला की केळं हे फळ आहे, पदार्थ नाही. मेसवाल्याने फलकावरचे ते दोन शब्द पुसले आणि केळंही बंद केलं. सगळ्या मुली आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हत्या. तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती, म्हणून माझ्यावर राग.

मार्केटिंगच्या सरांनी आम्हा दोघींना मिळून लोणच्याची जाहिरात करायला सांगितली. मी लिहिलं, 'मराठवाड्यातलं सर्वोत्तम लोणचं.' "पुरावा हाय का?" तिने विचारलं. मग तिने 'सर्वोत्तम'वर चांदणी काढली आणि खाली अटी लिहिल्या. अटी इतक्या झाल्या की लोणच्याचं चित्र काढायला जागा उरली नाही. सर म्हणाले, "हे वाचून माणूस लोणचं खाणं सोडून देईल." वर्गात सगळ्यात कमी गुण आम्हाला. मी रडायच्या बेतात आणि ही म्हणते, "पण आपल्यावर केस करता येत न्हाई."

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी अण्णांचा फोन आला. "लातूरला दुसरं दुकान काढायलोय. तू येऊन बस. निम्मं शिकलीस, तेवढं लई झालं." आमच्या विद्यापीठात तीन वर्षांवर नुसती व्यवसायाची पदवी घेऊन बाहेर पडायची सोय होती. मी सवयीने म्हणाले, "हरकत नाही." विचार फोन ठेवल्यावर आला.

फॉर्म भरून मी शहनाजपुढे ठेवला. खरं सांगायचं तर ती तो फाडेल म्हणूनच ठेवला. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, माझ्या आडनावातली वेलांटी दुरुस्त केली आणि परत दिला.

"हरकत नाही," ती म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

माझं डोकंच फिरलं. "केळ्याला हरकत, लोणच्याला हरकत, आणि माझं वाटोळं होतंय त्याला नाही?"

"मी कोण? मी तिऱ्हाईत. तिऱ्हाइताला हरकत घेता येत न्हाई. ज्याचं जातंय त्यानं घ्यायची. तुझं जायलंय, तू घेतलीस का?"

"अण्णांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही."

"बोलायला कोण सांगायलंय? लिही."

मी लिहिलं. त्यातही "'कृपया' चार वेळा आलंय, हरकत हाय" म्हणून तिने तीनदा लिहायला लावलं. शेवटी दोनच ओळी उरल्या: 'मला वकील व्हायचं आहे. अभ्यासक्रम अर्धा सोडायला माझी हरकत आहे.' तो कागद घेऊन मी मुरुडला गेले. अण्णांनी दुकानात चष्मा लावून वाचला.

"मग फोनवर 'हरकत नाही' का म्हणालीस?"

"सवयीनं," मी म्हणाले.

अण्णांनी कागदाची घडी करून खिशात घातली. दिवसभर गिऱ्हाइकं पाहिली. रात्री जेवताना म्हणाले, "सकाळच्या गाडीनं नांदेडला जा. आन् त्या कंधारच्या पोरीला सांग, माझी एक एसटी तिच्याकडं राहिली हाय."

आता ती कंधारच्या कोर्टात वकिली करते, मी लातूरला. एखाद्या खटल्यात ती समोरच्या बाजूला उभी राहू नये, एवढीच देवाकडे मागणी आहे.

पाचवं वर्ष संपलं त्या दिवशी तिने मला शेवटचं छळलं. खोली सोडताना फॉर्मवर सोबतिणीचं 'ना हरकत' लागायचं. किल्ली दिली, पंखा शाबूत आहे, असलं काहीतरी. तिच्या फॉर्मवर मी न वाचता सही केली. माझा तिने भरून, घडी घालून हातात दिला. माझ्या एसटीला वीस मिनिटं उरली होती. रेक्टरबाईंनी घडी उघडली आणि कपाळावर हात मारला. शहनाजने 'ना' खोडला होता. शेजारी तिची सही होती आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सोबतीण जात आहे.'

नवा फॉर्म मिळेपर्यंत माझी गाडी गेली. मी तणतणत खोलीत आले. "तूच म्हणाली होतीस ना, तिऱ्हाइताला हरकत घेता येत नाही!"

शहनाज बॅगेची चेन ओढत होती. तिने मान वर केली नाही.

"यात मी तिऱ्हाईत न्हाई," ती म्हणाली.