आईसाठी राखलेला कान

माझ्या भाचीने तिशी ओलांडली तरी घरात ती छकूच. दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासते, तिथून परस्पर संगीताच्या कॉलेजात जाते आणि घरी आली की आईचं सगळं करते. हौसेला मोल नसतं म्हणतात. ते झोपेने मोजावं लागतं, हे कोणी सांगत नाही. ती बाहेर असते तेवढा वेळ बहिणीजवळ मी. माझे गुडघेही आता कुरकुरायला लागलेत.

अर्धांगाचा झटका आल्यापासून बहिणीच्या तोंडून एकच शब्द धड निघतो. पाणी हवं, छकू. कूस बदलायची, छकू. मी समोर ठाण मांडून बसलेली असले तरी छकूच.

यंदा कॉलेजात पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं चर्चमधलं गाणं ऐकून काय वाटलं ते लिहायचं होतं. वाद्य नाही, चार जण एकाच वेळी चार वेगवेगळ्या चाली गातात. मी म्हटलं, "आपल्या घरासारखंच की. सगळे एकदम बोलतात, ऐकत कुणीच नाही." ती हसली नाही. दमलेल्या माणसाला विनोद सांगू नये.

तिने मन लावून लिहिलं आणि सरांनी कागद परत केला. "वरच्या दोन आवाजांबद्दलच लिहिलंयत. खालचे दोघं कुठे गेले?" तेव्हा उलगडा झाला. बाईसाहेब इयरफोन फक्त डाव्या कानात घालून ऐकत होत्या. उजवा कान आईच्या हाकेसाठी मोकळा. आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये खालचे दोघं नेमके उजव्या बाजूला. सोमवारपर्यंत नव्याने लिहा, नाहीतर वर्ष पुन्हा करा, असं सरांनी सांगितलं.

"पुन्हा नाही होणार माझ्याच्याने, मावशी. सोडून देईन," ती म्हणाली. इतक्या शांतपणे म्हणाली की मला भडभडून आलं.

रविवारी दुपारी मी तिला आतल्या खोलीत बसवलं आणि दोन्ही कानांत इयरफोन घालायला लावले. बहिणीला बजावलं, "आज तिला हाक मारायची नाही. तिचं वर्ष अडकलंय. मी आहे ना." तिने मान हलवली. मी भांडी घासायला गेले.

मध्ये एकदा डोकावले. छकूचे डोळे मिटलेले, पण मांडीवर बोट हळूहळू चालत होतं. कपाळावरची आठी गेली होती. बहिणीचेही डोळे मिटलेले. मला वाटलं, लागली झोप. बरं झालं.

छकू दोन पानं लिहून बाहेर आली. "मावशी, खालचा माणूस एकेक सूर इतका धरून ठेवतो, श्वास कधी घेतो कळत नाही. सगळे त्याच्या जिवावर गातात." असं म्हणत ती आईच्या खाटेपाशी गेली आणि थांबली. चादर ओली होती. हात लावला तर ओल गार पडलेली, म्हणजे बराच वेळ झाला होता.

मी भिंतीपलीकडेच होते. पण मला बोलवायचं तरी तिच्याकडे शब्द तो एकच.

"आई, हाक का नाही मारलीस?" छकूने विचारलं.

बहिणीने चालता हात उचलला आणि लेकीच्या उजव्या कानावर ठेवला. तोंड तेव्हाही घट्ट मिटलेलं होतं.