कपात काय होतं

परवा आमच्या फिल्म क्लबच्या वर्धापनदिनी सिनेमाच्या आधी माझा सत्कार झाला. गळ्यात सोनचाफ्याचा हार पडला आणि त्या वासाने वसईतला क्लबचा पहिला खेळ आठवला.

तेव्हा मी चिटणीस होतो. सिनेमा जुना, कृष्णधवल, इतक्या स्वस्तात काढलेला की सेट संपला तिथे धुकं सोडलेलं. पण त्यातली बाई जबरदस्त होती. दोन नवरे संपवून ती तिसऱ्याला प्रेमाने कॉफी देत होती.

शेजारी निर्मळ गावचे फुलवाले भाऊकाका बसले होते. पाहुण्यांचे हार द्यायला आले आणि सिनेमात अडकले. "त्यात विष हाय," ते कुजबुजले. नवऱ्याने कप ओठांपर्यंत नेला आणि हॉलचे दिवे लागले. दारात वॉचमन उभा होता. "सात वाजले. लग्नाची मानसं बाहेर खोळंबलीत."

सिनेमा दहाच मिनिटं उरला होता. उद्घाटनाला आलेल्या साहेबांचं भाषण मात्र तासभर चाललं होतं.

"बाई वाईट हाय," काका उठता उठता म्हणाले, "पन तुमच्या सायबासारखा वेळ नाय खाल्ला तिने."

तेव्हा मी वॉचमनवर चिडलो होतो. आता स्वतःवर चिडतो, कारण 'आटोपतं घ्या' अशी चिठ्ठी लिहून मी ती खिशातच ठेवली होती. तो सिनेमा पुन्हा कुठे मिळाला नाही. काकाही शेवट न कळताच गेले.

म्हणून परवा मी दोन वाक्यांत आभार मानून खाली बसलो. माझ्या या संयमाचं कौतुक करायला सूत्रसंचालकांनी वीस मिनिटं घेतली.