माझ्या पायांनी बाटलेली बांधी

आमच्याकडे रोवणीला मजूर लावत नाहीत. आज साऱ्या बाया मिळून हिच्या बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या भातखाचरात, उद्या तिच्या, परवा माझ्या, अशी टोळी फिरते. सडक अर्जुनीच्या अलीकडे, हायवेवरचे ट्रक दिसतील एवढ्या अंतरावर आमचं धानाचं शेत आहे. टोळीने जिला काढलं, तिचे परे, म्हणजे लावणीची रोपं, वाफ्यातच म्हातारे होतात. मला टोळीने काढलं होतं. मला एक व्हायरस निघाला होता आणि तो बांधीतल्या पाण्यातून सगळ्यांच्या अंगात शिरेल, असं बायांनी आपसात ठरवून टाकलं होतं.

हसू येतं ना? आता मलाही येतं. तेव्हा मात्र डोकं फिरलं होतं.

झालं असं, की तालुक्याला बायांच्या तपासणीचं शिबिर होतं. एकाच गाडीत दाटीवाटीने आम्ही गेलो. बीपी आणि शुगर तपासायला ही मोठी रांग. पण पडद्यामागे गर्भाशयाच्या तोंडाचीही तपासणी आहे म्हटल्यावर एकीला तहान लागली, एकीची चप्पल हरवली, बाकीच्या सरळ गाडीत जाऊन बसल्या. मी पडद्यामागे गेले. काही दिवसांनी मला परत बोलावलं, तेव्हा शेजारच्या दोघी गोळ्या घ्यायला सोबत होत्या. सिस्टरने व्हरांड्यातूनच हाक दिली, "तुमचा पॉझिटिव्ह आहे! संबंधातून होतो हा, नवऱ्याला पण सांगा!" मी डॉक्टरीणबाईंसमोर बसेपर्यंत गावात बातमी पोचलीसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, एचपीव्ही. मी विचारलं, "कोणाकडून आला?" त्या म्हणाल्या, "ते कोणीच सांगू शकत नाही. वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. शोधत बसू नका. संसार केलेल्या बहुतेक बायांना आयुष्यात कधी ना कधी होतोच हा, आणि बहुतेकींचा आपोआप जातो. त्यांना कळतही नाही. थोड्या जणींचा टिकून राहतो आणि पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तपासत राहायचं." मला आधी हायसं वाटलं. मग संताप आला. बहुतेकींना होतो, तर मग इतक्या वर्षांत कोणीच मला हे का सांगितलं नव्हतं?

घरी नवऱ्याने एकच शब्द विचारला, "कोनाचा?" मी म्हटलं, "तुमीच सांगा." मग डॉक्टरीणबाईंचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. ते ऐकून तो म्हणाला, "मंग मले बी असन का?" असू शकतो म्हटलं. त्यानंतर तो प्रश्न आमच्या घरात परत निघाला नाही.

टोळीचं तसं नव्हतं. टोळीची पुढारीण म्हणजे नात्याने माझी चुलत सासू. आम्ही सगळ्या तिला काकी म्हणतो. दुसऱ्या दिवशी मी लुगड्याचा काचा मारून काकीच्या बांधीत उतरले, तशी ती कंबर सरळ करून म्हणाली, "तू कायले उतरून राहिली वं? धुऱ्यावर बस. साऱ्याइचे पाय येकाच पान्यात हायेत."

"मंग?"

"मंग काय? तुया रोग आमाले लागन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "काकी, काल याच पान्यात तुमच्या म्हशी लोळल्या. त्याइचं चालते, अन् माहे पाय चालत नाई?"

एकेक करून साऱ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढल्या आणि बांधीत मी एकटी उरले. रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. पण मी परे उचलले आणि रोवत सुटले. वाकूनच ओरडत होते, म्हणजे कोणाचं तोंड बघावं लागत नव्हतं.

"हा व्हायरस पान्यातून नाई येत. नवरा-बायकोत येते. ज्याइले नवरा नसन त्याइनं मले बोट दाखवा! डॉक्टरीनबाई म्हनते, बहुतेक बायांले होते. मले हाये हे समजलं, कारन मी पडद्यामांगं गेली. तुमी गाडीत बसून राहिल्या. मी तपासलं म्हनून मी खराब, अन् तुमी तपासलंच नाई म्हनून चांगल्या?"

मग पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला. काकी माझ्या शेजारी येऊन रोवायला लागली. नंतर मान वर न करता, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तपासते तवा दुखते का वं? माही पाळी जाऊन किती वर्सं झाली. आता परत लाल दिसून राहिलं."

एवढा वेळ मी गाव गोळा होईल असं ओरडत होते. तिला मात्र हळूच सांगितलं, "जास्त नाई दुखत. उद्याच जाऊ."

"उद्या तुया बांधीचा नंबर हाये."

"राहू द्या बांधी."

गेलो. काकी पडद्यामागे जाताना माझा दंड घट्ट धरून होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बारीकसा तुकडा काढून पाठवला आणि म्हणाल्या, "काय आहे ते रिपोर्ट आल्यावर सांगते. पण आलात हे फार बरं केलंत."

परतताना मी थेट शेताकडे वळले. रोवणी झाली होती. टोळी माझ्याविना माझ्या बांधीत उतरली होती. मधोमध मात्र दोन बायांच्या पातीएवढी, म्हणजे दोघींनी रोवत जायच्या पट्ट्यांएवढी, जागा मोकळी होती आणि तेवढे परे धुऱ्यावर झाकून ठेवलेले होते. म्हणजे काम माफ केलं नव्हतं आणि जागाही दुसरीला दिली नव्हती.

सकाळी त्या दोन पातींत मी आणि काकी उतरलो. शेजारच्या बांधीत टोळी रोवत होती, पाणी एका बांधीतून दुसरीत झुळझुळ जात होतं. काकीने कंबर सरळ केली आणि पलीकडच्या टोकाच्या बाईलाही ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "आयका वं सगळ्या! मी बी तपासून आली. काई निंगलं, तं मीच सांगीन. सिस्टरले वरडाचं काम नाई!"