आईने जपलेला कागद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मैत्रिणीला नाही, बाबांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. वहीत दोनदा लिहायला घेतलं, दोन्ही वेळा पान फाडलं. आता लिहिते आहे तर सरळ लिहीन. निदान तसा प्रयत्न करीन.

गोष्ट आईच्या पायाची आहे. म्हणजे, वरवर पायाची.

आम्ही भिवपुरीजवळच्या एका गावात राहतो. आई डोंगरावरच्या वाडीतल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. आठ वर्षं. गावातून वाडीपर्यंत पाऊण तासाची चढण आहे आणि ती आई तांदूळ-डाळीची गोण डोक्यावर घेऊन चढायची. गेल्या वर्षी जानेवारीत उतरताना तिचा पाय घसरला, घोट्याचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर. ते कापून काढलं तेव्हा आतून जो पाय निघाला तो शेवग्याच्या वाळक्या शेंगेसारखा होता. आईने एकदा पाहिला आणि साडी खाली ओढली.

शाळेच्या बाईंनी निरोप पाठवला होता, जूनपर्यंत जागा धरून ठेवते, पुढे माझ्या हातात नाही. म्हणजे जूनच्या आत आईला ती चढण चढता यायला हवी होती. आईचं वय तेव्हा पंचेचाळीस.

कर्जतला व्यायाम शिकवणाऱ्या एका डॉक्टरबाई आहेत. त्यांच्याकडे मी तिला नेलं. मीच, कारण घरात शिकलेली मी. आई चौथीपर्यंत गेली, मराठी तेव्हा सावकाश वाचायची. बाबा सहीपुरते. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. लाइटचं बिल, बँकेचं पत्र, औषधाची पट्टी, सगळं माझ्याकडे येतं. ‘बाय वाचंल’ हे आमच्या घरातलं उत्तर आहे, कुठल्याही कागदाला. बाय म्हणजे मी.

पण बाय काय वाचते ते कॉलेजात कळतं. सर इंग्रजीतून समजावतात आणि मी शेवटून दुसऱ्या बाकावर मान हलवते. समजलं का? हो सर. ही मान हलवायची सवय इतकी लागली होती की डॉक्टरबाई अर्धं इंग्रजीत, भराभर सांगत होत्या तेव्हाही मी तेच केलं. पायातली ताकद, वजन बांधणं, किती वेळा, किती दिवस. त्यांनी विचारलं, “कळलं ना सगळं?” मी म्हटलं, “हो मॅडम.” त्यांनी टाइप केलेला एक कागद घडी करून माझ्या हातात दिला. आईने त्याची फक्त घडी पाहिली.

मी तो बॅगेत टाकला. आतल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल होतं. घरी पोचून बघते तर कागदाचा लगदा झालेला.

दवाखाना माझ्या कॉलेजपासून दहा मिनिटांवर आहे. दुसऱ्या दिवशी जाऊन नवा कागद मागता आला असता. मग मी का गेले नाही? कारण मला सांगावं लागलं असतं की भिजला. आणि त्याहून वाईट म्हणजे, तुम्ही बोललात ते मला कळलंच नव्हतं. तेवढं एक वाक्य मला बोलायचं नव्हतं.

आमच्या कालव्याच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी मुंबईची एक बाई चालायची, फार्महाऊसवाली. पांढरे बूट, दोन्ही घोट्यांवर वजनाचे काळे पट्टे बांधलेले, पाठ ताठ. मला ती फार आवडायची. मला वाटलं, वजन बांधायचं म्हणजे हेच असणार. असं चालायचं. ती बाई चुकीचं कशाला करेल?

आईने चहा ठेवता ठेवता विचारलं, “काय लिवलंय गं कागदात? वाच की.”

मी बॅगेतून अर्थशास्त्राच्या नोट्सची एक झेरॉक्स काढली. इंग्रजी, टाइप केलेली, तशीच घडी घातलेली. ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं: ‘पायास अर्धा किलो वजन बांधून रोज अर्धा तास चालणे. दर पंधरा दिवसांनी वजन वाढवणे.’ ‘चालणे’ म्हटलं, ‘वाढवणे’ म्हटलं — लिहिलेलं वाटावं म्हणून. एवढं सुचलं मला. माझ्या बोटाखाली, वस्तूची किंमत वाढली की मागणी कमी होते, असं काहीतरी होतं.

आईने तो कागद माझ्या हातून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला.

माझ्या जुन्या जीन्सच्या पायाच्या तिने दोन लांबट पिशव्या शिवल्या. पेज नदीतली वाळू आणली, धुतली, उन्हात वाळवली, वाण्याच्या काट्यावर तोलून भरली. बांधायला परकराची नाडी. चालताना त्यातून खसखस आवाज यायचा.

पहिले काही दिवस ती हातात रिकामा कॅन घेऊन निघायची. आमच्याकडे बाई रस्त्याने निघाली की कुठंतरी निघालेली असते — पाण्याला, दळणाला, लाकडाला. नुसती चालायला निघालेली बाई कुणी पाहिलेली नाही. ‘कुठं चालली गं?’ याला उत्तर हवं, म्हणून कॅन. पण वाळूचा आवाज कॅनने झाकला जाईना.

शेजारची पारूकाकी ओट्यावरून म्हणाली, “काय गं सुमन, या वयात पैंजणं घातलीस व्हय?”

“हाय ना, अर्ध्या किलोचं एकेक,” आई म्हणाली. “तुला घातलंय का तुज्या नवऱ्यानं कधी एवढं वजनाचं?”

“त्यानं नुसतं वजनच दिलंय, पैंजण नाय.”

दोघी हसल्या. दुसऱ्या दिवसापासून आईने कॅन घरी ठेवला.

आणि तिला जोर येत होता, हे खोटं नाही. महिनाभरात लंगडणं गेलं. कालव्याच्या दरवाजापर्यंत जाऊन यायला आधी तास लागायचा, नंतर ती अर्ध्या तासात घामेजून परत यायची आणि मला म्हणायची, “पोटरी दाब. दाब की. दगूड झालाय.” मी दाबायची. खरंच घट्ट लागायची. आईने स्वतःच्या शरीरासाठी काही केलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

दर पंधरा दिवसांनी ती डब्यातून कागद काढून माझ्यासमोर धरायची. “आता किती?” मी बघायची. बघण्याचं नाटक करायची. पाऊण किलो. एक किलो. सव्वा. दीड.

मे महिन्यात एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. रस्त्याखालून पाणी जातं त्या मोरीजवळ ती थांबली, वाकली, गुडघा दोन्ही हातांत धरला.

“दुखतंय?”

“नाय गं. जोर येतोय.”

“आज सोड ना.”

“कागदात हाय ना? मग करायचं.”

इथे मी सांगू शकले असते. रस्त्यावर आम्ही दोघीच होतो. तिच्या गुडघ्यापेक्षा तिचा त्या कागदावर जास्त विश्वास होता, आणि कागद काय आहे ते मला माहीत होतं. मी पुढे चालायला लागले. मागून वाळूचा आवाज येत राहिला.

मेच्या शेवटी तिचा गुडघा सुजला. पेरूएवढा, मग नारळाएवढा. पुन्हा कर्जत. डॉक्टरबाईंनी गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं काय काय केलंत. आईने अभिमानाने सांगितलं: चालले, वजन बांधून, दीड किलोपर्यंत. बाईंचा हात थांबला.

“अहो ताई, वजन बसून करायला सांगितलं होतं. खुर्चीत बसून पाय उचलायचा. चालताना काढून ठेवायचं. कागदावर स्पष्ट होतं.”

“कागदात हुतं तसंच केलं,” आई म्हणाली. “ह्यो काय, आणलाय मी.”

मला माहीत नव्हतं ती तो घेऊन आली आहे. तिने पिशवीतून पिशवी काढली, तिच्यातून कागद काढला, घडी उलगडली आणि टेबलावर हाताने सपाट करून ठेवला.

बाईंनी वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — नुसतं विचारल्यासारखं.

मी किती वेळ घेतला? फार नाही. मला विचार करावाच लागला नाही, तेच सगळ्यात वाईट आहे. मी हसले, आणि म्हणाले, “मॅडम, आईने चुकीचा कागद आणला. हा माझ्या अभ्यासाचा आहे. तिला इंग्रजी कळत नाही ना. आणि मी वाचून दाखवलं होतं सगळं, पण ती ऐकते कुठे.”

आईने कागदाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. तीन महिने तिने तो एकच कागद त्या एकाच डब्यात ठेवला होता. मग तिच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान विझला आणि तीही हसली, ओशाळून, पदर तोंडाशी नेऊन.

“चुकला असंल,” ती बाईंना म्हणाली. “मला मेलीला सगळी अक्षरं सारकीच दिसतात. पोरीनं सांगितलं हुतं नीट. मीच येडी.”

बाई तिला समजावून सांगू लागल्या, हळू, मोठ्याने, लहान मुलाला सांगावं तसं. आई मान हलवत होती. ती मान मला ओळखीची होती. बाहेर आल्यावर तिने कागद घडी करून माझ्या हातात दिला. “घे. तुज्या अभ्यासाचा हाय, मी हरवला असता.”

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आई अर्ध्या चढणीपर्यंत गेली आणि बसत बसत खाली आली. खिचडीचं काम वाडीतल्याच एका बाईला मिळालं. आता आई भिवपुरी स्टेशनाबाहेर काकड्या आणि भाजी घेऊन बसते. उठताना डाव्या हाताने भिंत धरते. पिशव्यांतली वाळू तिने तुळशीत ओतली, कापडाची पायपुसणी केली.

ती स्टेशनचा जिना चढताना गुडघा धरते तेव्हा मला वाईट वाटतं. पण मी लिहिते आहे ते त्यासाठी नाही. आधी ती बचतगटाची वही स्वतः वाचायची, ओठ हलवत, बोट ठेवून. एसटीची पाटी वाचायची. आता वाचत नाही. मराठी कागदसुद्धा माझ्यापुढे धरते आणि विचारते, “बघ गं बाय, ह्यो तोच हाय ना? माजा काय भरवसा?”

मी बघते. वाचून दाखवते, आता अक्षर न् अक्षर खरं. ती मान हलवते. कालही तसंच झालं.

तिने चुकीचा कागद आणला नव्हता. मी दिला होता, तोच आणला होता.